आईसोबत दादा कोंडके बघता येतो का?

मागच्या भागात आपण तंबूतल्या सिनेमावर बोललो होतो. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले निम्मे एकाच माणसाबद्दल होते. सगळ्यांचा सूर साधारण असा: ताई, दादा कोंडकेंचे सिनेमे अश्लील होते की नव्हते, एकदाचं सांगून टाका. एका ऐकणाऱ्या मुलीनं तर सरळच विचारलं, "आईसोबत बसून बघता येईल असा एखादा आहे का?"

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडं फिरत असतात. पहिलं म्हणजे, छे छे, तो चावटपणा, चांगल्या घरातली माणसं ते बघत नाहीत. दुसरं म्हणजे, दादा निरागस बोलायचे हो, घाण तुमच्या डोक्यात आहे. मला दोन्ही उत्तरं पटत नाहीत, कारण दोन्हीत सिनेमा बघायची गरजच पडत नाही. पहिलं उत्तर देणारा न बघता नाक मुरडतो. दुसरं उत्तर देणारा बघतो खरा, पण त्याला पुढं काही विचारलेलं चालत नाही. आज आपण जरा विचारू.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. कृष्णा कोंडके, जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईत, गिरणी कामगाराच्या घरात. मूळ गाव भोरकडचं इंगवली. तरुणपणी अपना बाजारात नोकरी, बँडमध्ये वाजवणं आणि सेवादलाच्या कलापथकात काम. मग वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य आलं. त्यात दादा हवालदार. या लोकनाट्याचे दीड हजारांवर प्रयोग झाले. भालजी पेंढारकरांनी त्यांना 'तांबडी माती'त घेतलं, ते १९६९ साल. आणि १९७१ मध्ये दादांनी स्वतः निर्माता होऊन 'सोंगाड्या' काढला. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी 'सोंगाड्या'ला जागा नाकारली गेली आणि शिवसेना रस्त्यावर उतरली, हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. पुढं त्यांचे नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालले आणि नाव गिनीज बुकात गेलं. १४ मार्च १९९८ ला दादा गेले.

आता आपल्या भागाचं बघू. दादांचा विनोद हा तमाशाचा विनोद आहे, आणि तमाशाच्या 'अश्लीलते'वर सरकारी पातळीवर मोठी चर्चा झाली ती स्वातंत्र्यानंतर लगेच, मुंबई राज्यात. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. तमाशात अचकट-विचकट चालतं म्हणून त्यावर बंदी आली. मग फडमालकांनी दाद मागितली, सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि संहिता मंजूर करून घेण्याची अट आली. पण त्या वेळी आपली परभणी मुंबई राज्यात नव्हतीच. आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्याकडं रझाकार आणि मुक्तिसंग्राम हाच विषय होता, गौळणीत कोण काय बोललं हे बघायला कुणाला सवड होती? मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १९५६ मध्ये.

तिकडं मात्र एक गंमत झाली. तमाशा स्वच्छ करायचा म्हणून शिकलेल्या मंडळींनी तो हातात घेतला आणि त्याचं लोकनाट्य झालं. सेवादलाच्या कलापथकांनी त्यातून समाजप्रबोधन केलं. लावणीतला चावटपणा कमी झाला, राजकीय टोला वाढला. आणि याच सेवादलाच्या शाळेतून निघालेल्या एका पोरानं पुढं तो सगळा चावटपणा परत आणला, तोही सात-आठ रिळांत गुंडाळून गावोगावी पोचवला. समितीनं जे दारातून बाहेर काढलं होतं, ते तंबूच्या कनातीखालून आत आलं.

"हे आपल्या संस्कृतीत बसत नाही," असं एक वाक्य हमखास येतं. त्याबद्दल मला गोदाकाठची माणूस म्हणून बोलायचंय. पैठणला सातवाहनांची राजधानी होती. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेतली. सातशेच्या आसपास गाथा, आणि त्यातल्या कितीतरी शृंगाराच्या. शेतातली बाई, पाणवठ्यावरची बाई, नवरा परगावी गेलेली बाई वाटसरूशी बोलते. एक अर्थ सासूला ऐकू जातो, दुसरा ज्याला कळायचा त्याला कळतो. म्हणजे ज्याला आपण डबल मीनिंग म्हणतो, तो या मातीत दीड-दोन हजार वर्षांपासून आहे. स. आ. जोगळेकरांनी १९५६ मध्ये तिचं मराठीत संपादन केलं, कुणाला वाचायची असेल तर बघा.

पुढं याच पैठणला एकनाथ महाराज. त्यांच्या भारुडात बाई नवऱ्याला कंटाळलेली असते, सासू-सासऱ्यांवर चिडलेली असते. लोक खळखळून हसतात, आणि मग कळतं की हा संसार म्हणजे दुसराच संसार आहे. आणि आपली गंगाखेडची जनाबाई! पदर डोक्यावर न ठेवता भर बाजारात जाईन, असं म्हणणारी. स्वतःला वेश्येची उपमा देऊन विठ्ठलाच्या दारात उभी राहणारी. सातशे वर्षांपूर्वी एका दासीनं हे म्हटलंय आणि आपण ते टाळ वाजवत गातो.

पण थांबा. जुनं आहे म्हणून चांगलं आहे, असं मी म्हणत नाही. हुंडाही जुनाच आहे. मुद्दा एवढाच की शरीराबद्दल आडून बोलून हसवणं ही बाहेरून आलेली घाण नाही. त्यामुळं 'संस्कृती' हा शब्द वापरून दादांना उडवता येत नाही. त्यांना तोलायचं तर दुसरा काटा लागेल.

तो काटा शोधण्यासाठी दादांचा विनोद नेमका चालतो कसा ते पाहू. 'सोंगाड्या'तला नाम्या आठवा. भोळा, आईच्या धाकातला. ढगळी अर्धी चड्डी आणि खाली लोंबणारी नाडी. तमाशाला जातो, कलावतीवर म्हणजे उषा चव्हाणवर भाळतो, आई घराबाहेर काढते, मग हाच फडात सोंगाड्या होतो. नाम्या जे बोलतो त्याला त्याच्या लेखी एकच अर्थ असतो. दुसरा अर्थ तयार होतो तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात. म्हणजे प्रेक्षक हसतो तेव्हा तो स्वतःच पकडला जातो. शेजारचा हसला हे तुम्हाला कळतं, तुम्ही हसलात हे त्याला कळतं. सभ्य असल्याचं सोंग दोघांचंही एकदमच उतरतं. तमाशातला सोंगाड्या पिढ्यान् पिढ्या हेच करत आला.

तमाशात याला एक जोडही असते. गौळणीत मावशी असते, पेंद्या असतो, आणि गवळणी गप्प नसतात. कृष्णानं वाट अडवली की त्या टोला परत देतात. सवाल आला की जवाब यायलाच पाहिजे. नाही आला तर फड पडतो. दादांच्या पहिल्या सिनेमांत उषा चव्हाणचं काम याच जातीचं आहे. 'पांडू हवालदार' (१९७५) मध्ये ती केळेवाली आहे, बाजारात बसून पैसे मिळवणारी बाई, तोंडानं फटकळ. तिच्यापुढं पांडूची त्रेधा उडते. हसू त्या बाईवर नसतं, वर्दीतल्या गड्यावर असतं. शिवाय त्यात दोन हवालदार आहेत, प्रामाणिक पांडू आणि लाच खाणारा सखाराम, म्हणजे अशोक सराफ. केळी, शेंगा, भाजी यांवरचे विनोद लोकांना आठवतात. पण लाचेवरचा विनोदही त्याच सिनेमातला आहे, आणि खेड्यातल्या माणसाला हवालदारावर हसायला मिळणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

साल बघा, १९७५. आणीबाणी. इंदिरा गांधींनी वीस कलमी कार्यक्रम जाहीर केला. दादांनी पुढच्या सिनेमाचं नाव ठेवलं 'गंगाराम वीस कलमी'. सेन्सॉरला ते खुपलं. नाव बदलून 'राम राम गंगाराम' करावं लागलं, आणि तो १९७७ मध्ये आला. चावट दुसऱ्या अर्थाच्या दादांच्या शब्दांना कात्रीतून वाट सापडायची, पण राजकीय दुसऱ्या अर्थाला सापडली नाही. कुठला दुहेरी अर्थ सरकारला जास्त टोचतो, ते यातून कळतं.

हे फक्त आपल्याकडंच झालं असं नाही. त्याच दशकात ब्राझीलमध्ये काय चाललं होतं ते ऐका. १९६४ ते १९८५ तिथं लष्करी राजवट. १९६८ नंतर तर वर्तमानपत्रं, गाणी, नाटकं सगळ्यांवर सेन्सॉर. आणि याच काळात तिथं 'पोर्नोशांशादा' नावाचा प्रकार फोफावला. शांशादा म्हणजे त्यांचे जुने गाण्याबजावण्याचे विनोदी सिनेमे. त्याला चावट फोडणी दिली की हा प्रकार. नाव भडक असलं तरी बहुतेक सिनेमांत दाखवण्यापेक्षा सुचवणंच जास्त. थिएटरांनी वर्षातले ठरावीक दिवस देशी सिनेमा लावलाच पाहिजे असा कायदा होता, त्यामुळं स्वस्तात बनणाऱ्या या सिनेमांना पडदा मिळाला. शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली, कामगार वस्तीतल्या लोकांनी तिकिटं काढली. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

आणि त्याच हवेत १९७६ मध्ये आला 'दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे'. जॉर्ज आमादू यांच्या कादंबरीवरचा, ब्रुनो बाहेतो यांचा. सोनिया ब्रागा नायिका. कथा अशी: फ्लोरचा जुगारी, उनाड पण रंगेल नवरा मरतो. ती एका सज्जन, वक्तशीर औषधवाल्याशी लग्न करते. सगळं छान, पण काहीतरी कमी. मग पहिल्या नवऱ्याचं भूत येतं, तेही अंगावर चिंधी नसलेलं, आणि फक्त तिलाच दिसतं. शेवटी ती दोघांनाही ठेवून घेते. एक कोटीच्या आसपास लोकांनी थिएटरात जाऊन हे पाहिलं, आणि ब्राझिली सिनेमाचा हा विक्रम २०१० पर्यंत टिकला.

आता यातली नैतिकता तोलायची कशी? नागडा माणूस दिसतो म्हणून अनैतिक म्हणायचं? माझ्या मते त्या सिनेमाचा कणा फ्लोरला काय हवंय हा आहे. सभ्यता हवी आणि सुखही हवं. समाज म्हणतो एकच निवड, ती म्हणते मी नाही निवडत. विनोद तिच्या इच्छेतून उगवतो. त्याच काळातल्या कितीतरी पोर्नोशांशादांत मात्र बाई पोस्टरवर मोठी आणि पटकथेत छोटी. तिला हवं काय, हे कुणी विचारतच नाही. दोन्हीकडं अंग दिसतं. फरक पडतो तो दुसऱ्या ठिकाणी.

हा काटा घेऊन मी दादांकडं परत येते, आणि इथं मला थोडं स्वतःचं सांगावं लागेल.

माझ्या आत्यानं 'एकटा जीव सदाशिव' जत्रेत, तंबूत पाहिला. मानवतजवळचं गाव. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट, खडी फोडून हात सोललेले. मधे दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. मी तिला विचारलं, तुम्ही बाया हसायचात का? ती म्हणाली, "हसू तर लई यायलं होतं, पर पदर तोंडात धरला. गडी कसे बिनघोर हसायलेत, अन् आमी पोटात दाबायलो." मग थोडं थांबून म्हणाली, "पर लग्नात इहिणीला म्हणलेली गाणी ऐकलीस का तू? त्याच्यापुढं दादा कोंडके म्हणजी भजन."

खरंच आहे ते. हळदीला, जात्यावर, रुखवताच्या वेळी बायका जे म्हणतात ते पुरुषांसमोर सांगायची सोय नाही. म्हणजे बायकांना चावट विनोद कळत नाही, आवडत नाही, हा गैरसमज आहे. प्रश्न एवढाच की त्यांना मोठ्यानं हसायची परवानगी कुठं आहे.

आता माझी पिढी. मी सातवी-आठवीत होते तेव्हा 'मुका घ्या मुका' लागला होता. गावातून तालुक्याच्या शाळेत आम्ही पाच-सहा मुली बसनं जायचो. मागच्या बाकड्यावरची पोरं रोज सिनेमाचं नाव ओरडायची. फक्त नाव. आम्ही काही म्हटलं तर, "अगं सिनेमाचं नाव सांगायलोय, तुझ्या मनात काय आलं?" गाडीतली मोठी माणसं हसायची. त्या मुलींपैकी एकीची शाळा त्याच वर्षी सुटली. घरच्यांनी म्हटलं, रोजची कटकट नको. शाळा सुटायला आणखीही कारणं होती, गरिबी होती, वय वाढत होतं. पण सांगायला जे कारण मिळालं ते हे.

"घाण तुझ्या मनात" हे वाक्य पडद्यावर सोंगाड्याचं हत्यार होतं. तिथं ते सभ्य प्रेक्षकावर, पाटलावर, हवालदारावर चालत होतं. बसमध्ये तेच वाक्य तेरा वर्षांच्या मुलीवर चाललं. शब्द तेच होते, पण बोलणारा आता भोळा नव्हता. आणि उलट टोला द्यायला समोर उषा चव्हाण नव्हती, लेखकानं लिहून दिलेला संवाद नव्हता. सवाल होता, जवाबाची सोय नव्हती.

याचं पाप दादांच्या माथी मारायचं का? पूर्ण नाही. त्या पोरांना दादा नसते तर दुसरं काही सापडलं असतं. पण सुटकाही पूर्ण नाही. जसजशी वर्षं गेली, तसा विनोद सिनेमातून निघून नावात जाऊन बसला. 'सोंगाड्या', 'पांडू हवालदार' ही माणसांची नावं आहेत. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'आली अंगावर' आणि पुढं हिंदीत 'तेरे मेरे बीच में', 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में', ही नुसती खुणेची वाक्यं आहेत. भोळा नाम्या वयानं पन्नाशी ओलांडून गेला तरी चड्डी तीच, आणि पन्नाशीच्या माणसाचा भोळेपणा कुणाला खरा वाटेल? शिवाय नायिकेचा राग म्हणजे प्रेमाची पहिली पायरी, ही त्या काळच्या सगळ्याच सिनेमांची खोड यातही होती. 'नाही'चा अर्थ 'हो', हाही एक दुहेरी अर्थच, आणि तो मात्र मला अजिबात विनोदी वाटत नाही.

आता शिकलेल्या लोकांच्या न्यायाबद्दल दोन शब्द. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर बंदीची वेळ आली, तेव्हा कमलाकर सारंगांनी कोर्टात लढा दिला आणि जाणकार मंडळी कलेच्या स्वातंत्र्यासाठी बोलली. बोलायलाच हवं होतं. त्याआधी चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही गोष्ट, 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली, अश्लील ठरवून खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं साधारण असं की साहित्यकृती सगळी मिळून बघा, आणि काळाबरोबर समाजाची मापं बदलतात हेही लक्षात घ्या. चांगला नियम आहे. पण हा नियम आपण नाटकाला लावतो, कादंबरीला लावतो, आणि अर्ध्या चड्डीतल्या माणसाला मात्र एका ओळीवरून निकाल देतो. त्यात जात आहे, वर्ग आहे, बोलीही आहे. 'सूचक' हा शब्द आपण शुद्ध भाषेसाठी राखून ठेवला आणि ग्रामीण भाषेसाठी 'चावट'.

मात्र दादांची बाजू घेणाऱ्यांनीही एक हिशोब टाळू नये. पडद्यावरचा हा विनोद ज्या फडातून आला, तिथल्या बाईनं त्याची किंमत अंगावर सोसली. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्राला माहीत आहे. दिवस भरलेले असताना नाचल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला, आणि २००२ मध्ये गेल्या त्या हलाखीतच. लोकांनी शिट्ट्या त्यांना दिल्या, सिनेमाचे पंचवीस आठवडे दुसऱ्यांनी मोजले.

तर माझा निकाल. मला 'सोंगाड्या' आणि 'पांडू हवालदार' चांगले सिनेमे वाटतात, आणि त्यातला चावटपणा काढला तर ते वाईट होतील असंही वाटतं. कारण तिथं भोळा माणूस बड्यांची फजिती करतो आणि बाई त्याची फजिती करते. १९८० नंतरचे बरेचसे सिनेमे मला फिके वाटतात. ते चावट आहेत म्हणून नाही, त्यातली बाई उलट बोलायची थांबली म्हणून. तुमचा निकाल वेगळा असू शकतो, पण सिनेमा बघून द्या.

आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: हो, 'सोंगाड्या' लाव. आईला मधोमध बसव, दोरी बांधू नकोस. ती कुठं हसते ते बघ, आणि कुठं गप्प होते तेही बघ. दुसऱ्या दिवशी तिला विचार, त्या गप्प होण्याबद्दल. काय म्हणाली ते आम्हालाही कळव.

पुढच्या भागात विठाबाईंवर सविस्तर बोलू. तोवर, राम राम मंडळी.